इंग्रजी लेखनांतील लहान खुणा

इंग्रजीचीं सव्वीस अक्षरें थोड्या दिवसांत पाठ होतात. परंतु मराठी विद्यार्थ्याची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. अक्षर मोठें कोठें काढावें, विरामचिन्ह कोठें द्यावें आणि लांबलचक शब्द कोठें फोडून पाहावा, या तीन गोष्टी त्याला दीर्घकाळ छळतात. हा त्याच्या बुद्धीचा दोष नव्हे. पहिली गोष्ट त्याच्या लिपींत नाहीं, दुसरी तिच्यांत उशिरा आली, आणि तिसरी त्याच्या घरचीच असूनही तें त्याला कोणी सांगत नाहीं.

प्रथम मोठीं अक्षरें. देवनागरींत गंगा नदी असो वा मुलगी असो, 'ग' एकच. रोमन लोकांचे शिलालेख मोठ्या अक्षरांतच कोरलेले असत. लहान अक्षरें पुढें नकला करणाऱ्यांच्या भराभर चालणाऱ्या हातांतून घडलीं. दोन्ही प्रकार टिकले आणि त्यांच्यांत कामाची वांटणी झाली. वाक्याचा आरंभ, माणसें, गांवें, देश व भाषा यांचीं नांवें, तसेंच वार आणि महिने यांना मोठें अक्षर लागतें. ऋतूंच्या नांवांना लागत नाहीं. 'मी' या अर्थाचें एकाक्षरी सर्वनाम मात्र वाक्यांत कोठेंही आलें तरी मोठेंच लिहितात. ही केवळ शोभा नव्हे. 'चायना' मोठ्या अक्षरानें लिहिला तर चीन देश, लहान अक्षरानें लिहिला तर चिनी मातीचीं भांडीं. 'मार्च' मोठ्या अक्षरानें महिना, लहान अक्षरानें सैन्याची कूच. एका शब्दाचा तर उच्चारही बदलतो: मोठ्या अक्षरानें तो 'पोलिश', म्हणजे पोलंडचा, लहान अक्षरानें तेंच जोड्यांचें 'पॉलिश'.

आतां विरामचिन्हें. जुन्या मोडी कागदांत आधीं आडवी रेघ ओढून तिच्याखालीं अक्षरें सलग लिहीत. शब्द तोडण्याची चाल नव्हती. पोथ्यांत दंडापलीकडे फारसें कांहीं नसे. मेजर थॉमस कँडी यांनीं १८५० सालीं 'विरामचिन्हांची परिभाषा' हें पुस्तक लिहून इंग्रजी पद्धतीचीं चिन्हें मराठींत रुजविण्यास हातभार लावला. तेव्हां स्वल्पविराम आज आपल्याला परका नाहीं. परंतु त्याचें मोल मात्र अद्याप पुरतें पटलेलें नाहीं.

तें मोल अमेरिकेंतील मेन राज्याच्या एका खटल्यांत पैशांत मोजलें गेलें. जादा कामाची वाढीव मजुरी कोणत्या कामांना लागू नाहीं, याची यादी तेथील कायद्यांत होती. नाशवंत मालासंबंधींच्या या यादीच्या शेवटीं 'पाठवणीसाठीं बांधणें किंवा वितरण' अशा अर्थाचे शब्द होते आणि 'किंवा'पूर्वीं स्वल्पविराम नव्हता. मालक म्हणे, बांधणें आणि वितरण हीं दोन कामें. म्हणून दूध पोंचविणाऱ्या मोटारचालकांना वाढीव मजुरी नाहीं. चालक म्हणत, हें एकच काम: बांधणें, मग तें पाठवणीसाठीं असो वा वितरणासाठीं, आणि आम्ही तर बांधीत नाहीं. २०१७ च्या मार्चमध्यें अपील न्यायालयानें वाक्य संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूनें निकाल दिला आणि २०१८ सालीं ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. तें वाक्य दरम्यान विधिमंडळानें अर्धविराम घालून नव्यानें लिहिलें होतें. एका टिंबाच्या शेपटीवर इतक्या लोकांची मजुरी लोंबकळत होती!

शब्दाच्या माथ्यावर येणारें लोपचिन्हही असेंच. इंग्रजींत तें अनेकवचनाच्या 'एस'पूर्वीं दिलें तर 'मुलाचें', नंतर दिलें तर 'मुलांचें'. मराठींत हेंच काम एक अनुस्वार करतो. अनुस्वार गाळल्यानें काय होतें हें जाणणारा विद्यार्थी या चिन्हाला क्षुल्लक म्हणणार नाहीं.

तिसरी गोष्ट शब्दांचे अवयव. संस्कृत 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द होतात, हें शाळेंत शिकवितात. तीच युक्ति इंग्रजींत चालते. लॅटिन भाषेंतून आलेला 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणें. आंत आणणें 'इम्पोर्ट', बाहेर नेणें 'एक्स्पोर्ट', पलीकडे पोंचविणें 'ट्रान्सपोर्ट'. आणि स्टेशनावरचा हमाल तो 'पोर्टर'. एक धातु ओळखला कीं शब्दांचें एक कुटुंब ओळखीचें होतें. संधीचेंही तसेंच. 'उत्' आणि 'लेख' मिळून 'उल्लेख' होतो. त्याच रीतीनें नकारार्थी 'इन' पुढच्या 'लीगल'शीं जुळवून घेऊन 'इल्लीगल' होतो, आणि 'पॉसिबल'पुढें 'इम' होतो.

मात्र येथें एक सावधगिरी हवी. प्रत्येक 'इन' नकारार्थी नसतो. 'फ्लॅमेबल' म्हणजे पेट घेणारें, आणि 'इन्फ्लॅमेबल' म्हणजेही पेट घेणारेंच! पिंपावरचा हा दुसरा शब्द वाचून तें न पेटणारें असें समजणारा कामगार जिवाला मुकेल. म्हणूनच धोक्याच्या सूचनांत आतां पहिला शब्द पसंत करतात.

अभ्यासाचा मार्ग सोपा आहे. एखादा छापील उतारा घ्यावा, तो सर्व लहान अक्षरांत, एकही चिन्ह न देतां उतरावा, आणि दुसऱ्या दिवशीं मूळ न पाहतां मोठीं अक्षरें व चिन्हें त्यांत परत घालावीं. मग मुळाशीं ताडून पाहावें. जेथें चूक झाली असेल तेथें अर्थ कसा बदलला, हें स्वतःला विचारावें. नियम पाठ करून जें महिनोन्‌महिने साधत नाहीं, तें रोजच्या अशा दहा ओळींनीं साधतें.