काळ्या ढगांतील तारे

अमावास्येच्या निरभ्र रात्री आकाशगंगेचा पट्टा लक्षपूर्वक पाहिला, तर त्यात मधूनमधून काळे डाग दिसतात. दुर्बिणीतून असे लहानमोठे डाग पुष्कळच आढळतात. अठराव्या शतकातील थोर ज्योतिर्विद विल्यम हर्शेल यांना ती आकाशाला पडलेली भोके वाटली. पुढे अमेरिकेतील बर्नार्ड यांनी या डागांची छायाचित्रे घेतली व १९१९ मध्ये त्यांची यादी प्रसिद्ध केली. ही भोके नसून वायू व धूळ यांचे ढग आहेत आणि ते मागील ताऱ्यांचा प्रकाश अडवितात, ही गोष्ट हळूहळू सर्वमान्य झाली. परंतु त्या ढगांच्या पोटात काय चालले असेल? या प्रश्नाचा ध्यास घेणारे ज्योतिर्विद म्हणजे बार्ट बॉक होत.

बॉक यांचा जन्म १९०६ मध्ये हॉलंडमधील होर्न या गावी झाला. १९२८ मध्ये लायडन येथे निरनिराळ्या देशांतील ज्योतिर्विदांची परिषद भरली. तीत प्रिसिला फेअरफील्ड या अमेरिकन विदुषीशी त्यांचा परिचय झाला. त्या बॉक यांच्याहून दहा वर्षांनी मोठ्या होत्या. पुढच्याच वर्षी उभयतांचा विवाह झाला आणि बॉक अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत कामास लागले. १९४१ मध्ये पतिपत्नींनी मिळून आकाशगंगेवर एक ग्रंथ लिहिला. चाळीस वर्षांत त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या. या दांपत्याच्या संशोधनात कोणाचा वाटा किती, हे सांगणे कठीण आहे. तसा हिशेब मांडण्याची गरज त्यांना कधी वाटली नसावी.

१९४७ मध्ये एडिथ रायली या सहकारी संशोधिकेसह बॉक यांनी एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. तेजस्वी तेजोमेघांच्या पार्श्वभूमीवर काही लहान, गोल व गडद काळे ठिपके दिसतात, त्यांविषयी तो होता. त्यांना ‘गोलिका’ म्हणतात. गोलिका लहान म्हणावयाच्या त्या आकाशाच्या मानाने. एरवी तिचा व्यास सुमारे एक प्रकाशवर्ष असतो व तीत कित्येक सूर्य घडतील इतके द्रव्य असते. येथेच नवे तारे जन्मास येत असावेत, असे बॉक यांनी सुचविले.

या तर्कास आधार होता. गोलिकेतील धूळ बाहेरच्या ताऱ्यांचा प्रकाश आत येऊ देत नाही. त्यामुळे आतील वायू अतिशय थंड, शून्याखाली सुमारे २६० अंश सेल्सिअस इतका असतो. वायू उष्ण असला म्हणजे तो पसरू पाहतो. थंड वायूचा हा विरोध दुबळा पडतो आणि गुरुत्वाकर्षण त्याला आत आत ओढू लागते. द्रव्य दाटत जाते, मध्यभाग तापतो आणि अखेर तेथे तारा प्रज्वलित होतो. रेशमाचा किडा कोशात गुरफटून राहावा, तसा हा बालतारा धुळीत दडलेला असतो.

अडचण होती ती पुराव्याची. जी धूळ बाहेरचा प्रकाश आत येऊ देत नाही, तीच आतला प्रकाश बाहेर कशी सोडील? साध्या दुर्बिणीस तेथे केवळ काळोख दिसे. बॉक यांनी आपला शोध सोडला नाही. १९५७ ते १९६६ पर्यंत ते ऑस्ट्रेलियातील माउंट स्ट्रॉम्लो वेधशाळेचे संचालक होते; दक्षिण गोलार्धातून आकाशगंगेचा मध्यभाग डोक्यावर येतो, हा तेथील मोठाच लाभ. नंतर ते अमेरिकेतील ॲरिझोना येथे गेले. १९७५ मध्ये प्रिसिला निवर्तल्या.

अवरक्त किरण मात्र धुळीतून पार होतात. ते टिपणारा एक उपग्रह जानेवारी १९८३ मध्ये अवकाशात सोडण्यात आला. हॉलंड, अमेरिका व ब्रिटन यांनी तो मिळून तयार केला होता. म्हणजे बॉक यांच्या जन्मभूमीचा व कर्मभूमीचाही त्यास हात लागला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बॉक यांचे निधन झाले. उपग्रहाने मिळविलेली माहिती युन व क्लेमेन्स या संशोधकांनी तपासली, तेव्हा अनेक गोलिकांच्या पोटात उष्ण, कोवळे तारे सापडले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच बॉक यांचे म्हणणे बरोबर होते, असा निर्वाळा दिलेला आहे.

अर्थात प्रत्येक गोलिकेत तारा असतोच असे नाही. बर्नार्ड यांच्या यादीतील अडुसष्टावी गोलिका सुमारे अर्धे प्रकाशवर्ष रुंद आहे. अवरक्त प्रकाशात तिच्यामागील तारे स्वच्छ दिसतात. परंतु तिच्या आत अद्याप एकही तारा उजळलेला नाही.