भास्कराचार्यांचे समीकरण आणि संगणकाचा हरवलेला एक

एखाद्या पूर्णांकाच्या वर्गाला ६१ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच यावा, असा प्रश्न भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणित’ या ग्रंथात चक्रवाल पद्धतीने सोडवला. त्याचे सर्वांत लहान उत्तर २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९ असे येते. हाच प्रश्न फ्रेंच गणितज्ञ फर्मा याने १६५७मध्ये युरोपातील गणितज्ञांपुढे टाकला.

हे उत्तर संगणकावर पडताळायला हॅस्केल ही प्रोग्रामिंग भाषा घेऊ; ती १९९०मध्ये प्रसिद्ध झालेली शुद्ध फंक्शनल भाषा आहे. म्हणजे तिच्यात फंक्शनला तेच मूल्य दिले की तेच उत्तर मिळते, आणि त्यामुळे प्रोग्राममधील समीकरणे गणितातल्यासारखी एकमेकांच्या जागी ठेवता येतात. ही मुभा कितपत टिकते, हे मात्र तिच्या पायाभूत गणिती लायब्ररीवर, म्हणजे तयार क्रियांच्या संचावर, अवलंबून असते. वरील उत्तर ‘डबल’ या अपूर्णांकांच्या प्रकारात घालून मोठ्या संख्येच्या वर्गातून लहान संख्येच्या वर्गाची ६१पट वजा केली, तर १ऐवजी ० येतो, कारण या प्रकारात सुमारे सोळाच अंक नेमके राहतात आणि या एकोणीस अंकी संख्यांच्या टप्प्यावर लगतच्या दोन संख्यांत ५१२चे अंतर पडते. याउलट ३२ बिटांच्या पूर्णांकांत दोन्ही वर्ग मावत नाहीत, घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरून भलत्याच संख्या दिसू लागतात, आणि तरीही वजाबाकी अचूक १ येते. कारण फिरून येणाऱ्या या अंकगणितातही बेरीज-गुणाकाराचे नियम अबाधित राहतात. मधले सारे चुकीचे आणि शेवट बरोबर, हा प्रकार मोठा फसवा खरा. ‘इंटिजर’ या प्रकारात, जिथे संख्या मेमरी पुरेल तेवढी वाढू शकते, मधल्या संख्या आणि शेवट दोन्ही नीट राहतात.

गणिताशी जुळण्याचा हाच प्रश्न लायब्ररीतील क्रियांच्या मांडणीतही येतो. हॅस्केलने संख्यांच्या क्रिया ‘नम’ नावाच्या एकाच गटात (टाइपक्लासमध्ये) बांधल्या: बेरजेसोबत गुणाकार, निरपेक्ष मूल्य आणि चिन्ह हेही द्यावेच लागते. सदिशांची, म्हणजे दिशा असलेल्या राशींची, बेरीज सहज होते, पण गुणाकारातून पुन्हा सदिश मिळण्याची सर्वमान्य रीत नाही. म्हणून ‘न्यूमेरिक प्रिल्यूड’ या पर्यायी लायब्ररीने बेरीज वेगळी काढली आणि गुणाकार ‘वलय’ या बीजगणिती रचनेकडे सोपवला. गणिताच्या दृष्टीने हेच योग्य. परंतु दोन आणि दोन मिळवू पाहणाऱ्या नवशिक्याला चूक दाखवणाऱ्या संदेशात वलयाचे नाव वाचावे लागणे जड जाते, आणि प्रमाण लायब्ररीत ‘नम’ आजही आपल्या जागी आहे.