आनुवंशिक वाहक-तपासणी

स्वतः निरोगी असलेल्या व्यक्तीच्या ठिकाणी एखाद्या अप्रभावी आनुवंशिक विकाराचे जनुक आहे किंवा कसे, हे विवाहापूर्वी अथवा गर्भारपणाच्या आरंभी पाहण्याच्या परीक्षेला वाहक-तपासणी म्हणतात. आनुवंशिक प्रवणतेची तपासणी हिच्याहून निराळी होय. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांतील दोष शोधताना त्या स्त्रीलाच पुढे स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग होण्याचा संभव किती, हे अजमावले जाते. वाहकाला स्वतःला बहुधा काहीच होत नाही. प्रश्न अपत्याचा असतो.

महाराष्ट्रात अशा तपासणीची निकड ज्या भागात ठळकपणे दिसते, त्यांत कल्याणलगतचे उल्हासनगर येते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी इ. समाजांत बीटा थॅलसेमियाचे जनुक अधिक प्रमाणात आढळते. भारतात सरासरी ३ ते ४ टक्के लोक वाहक आहेत, असे मानले जाते. काही समाजांत हे प्रमाण याच्या कितीतरी पट आहे. याचा अर्थ इतरांत हा विकार नाही असा नव्हे. ठाणे, डोंबिवली येथील मराठी कुटुंबांतही वाहक असतात, आणि ‘हा आमच्यातला रोग नाही’ ही समजूत तपासणीच्या आड येते.

प्रौढाच्या हीमोग्लोबिनात आल्फा व बीटा अशा प्रत्येकी दोन प्रथिनशृंखला असतात. बीटा शृंखलेचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. आई व वडील या दोघांकडून सदोष जनुक आल्यास बीटा शृंखला पुरेशी बनत नाही. गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनात ही शृंखला नसते. म्हणून मूल जन्मतः निकोप दिसते व सहसा सहा महिन्यांनंतर पांढुरके पडू लागते. प्लीहा व यकृत वाढतात. पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. या रक्तातून येणारे लोह हृदय, यकृत व अंतःस्रावी ग्रंथी यांत साचते आणि ते काढण्यासाठी औषधे नित्य घ्यावी लागतात. अस्थिमज्जारोपणाने रोग बरा होऊ शकतो. परंतु जुळणारा दाता व खर्च यांची सोय थोड्यांनाच होते. अमेरिकेतील टॉमस कूली यांनी या रोगाचे वर्णन १९२५ मध्ये केले. वाहकांना हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळत असल्याने हे जनुक टिकून राहिले असावे, हा विचार हॉल्डेन यांनी १९४९ मध्ये मांडला.

वाहकाचा पहिला माग साध्या रक्तगणनेतच लागतो. तांबड्या कोशिका आकाराने लहान, पण संख्येने नेहमीइतक्या किंवा अधिक असतात. आता शहरांतील प्रयोगशाळांतून तपासण्यांचे मोठाले संच घेण्याची रीत पडली आहे. त्यांच्या अहवालात हे आकडे छापलेले असतात, मात्र पुष्कळदा ते कोणी वाचत नाही आणि वाहकाला लोहन्यूनता समजून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. प्राथमिक चाळणीसाठी एका नळीची स्वस्त परीक्षाही आहे. ०·३६ टक्के लवणद्रावात रक्ताचा थेंब टाकून अर्ध्या तासाने नळीमागे काळी रेघ धरतात. निरोगी कोशिका फुटून द्राव निवळतो व रेघ स्पष्ट दिसते. वाहकाच्या कोशिका सहज फुटत नसल्याने ती अंधुक राहते. निश्चिती हीमोग्लोबिन ए-२ च्या मापनाने होते. ते सामान्यतः ३·५ टक्क्यांहून अधिक असल्यास व्यक्ती वाहक समजतात. तीव्र लोहन्यूनतेत हा आकडा खाली येऊ शकतो आणि नुकतेच रक्त दिलेले असल्यास निष्कर्ष विश्वसनीय राहत नाही.

दोघेही वाहक असलेल्या जोडप्याला प्रत्येक गर्भारपणी रोगी अपत्य होण्याचा संभव २५ टक्के असतो. पहिले मूल रोगी झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब अनेक जण करतात. तो चूक आहे. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास अपरेचा सूक्ष्म अंश घेऊन गर्भाचे जनुक तपासता येते. त्यासाठी आईवडिलांतील उत्परिवर्तन आधी माहीत असावे लागते. सिंधी व लोहाणा कुटुंबांत बीटा जनुकाचा ६१९ बेस-जोड्यांचा भाग गळालेला असणे हे वारंवार दिसते. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या केंद्रीय कायद्याने हीमोग्लोबिनच्या विकारांसाठी प्रसवपूर्व निदानास मुभा ठेवली आहे. गर्भवतीची तपासणी उशिरा झाली, तर पतीची तपासणी, जनुकाचा शोध व निर्णय यांस वेळ उरत नाही.

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात व २०१४ मध्ये त्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात प्रश्नाचे रूप बदलते. वारली, कातकरी इ. जमातींत सिकलसेलचे जनुक आढळते. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. एका पालकाकडून सिकलसेलचे व दुसऱ्याकडून थॅलसेमियाचे जनुक आल्यासही अपत्यास गंभीर रोग होऊ शकतो. म्हणून दोहोंपैकी एकच पाहून भागत नाही.

तपासणीतील खरी अडचण तंत्राची नाही. वाहक असल्याचे कळताच मुलीचे लग्न मोडेल या भीतीने कुटुंबे अहवाल दडवितात. मुलाच्या अहवालाची तितकी वाच्यता होत नाही. वास्तविक वाहकाने वाहक नसलेल्या व्यक्तीशी विवाह केल्यास या रोगाचे अपत्य होण्याचे भय सहसा नसते आणि दोन वाहकांनाही विवाह वर्ज्य नाही. सायप्रसमध्ये विवाहापूर्वी चर्चला सादर करावयाच्या दाखल्यात तपासणी व समुपदेशन झाले एवढेच नमूद असते. निष्कर्ष त्या दोघांपाशीच राहतो.