डार्विनने टाळलेले क्रियापद

चार्ल्स डार्विनचे ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झाले. उत्क्रांतीचा आद्यग्रंथ म्हणून आपण ते ओळखतो. पण पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हा शब्द कुठेही सापडत नाही. ‘इव्हॉल्व्ह’ या क्रियापदाचे ‘इव्हॉल्व्ह्ड’ हे रूप येते, ते थेट पुस्तकाचा शेवटचा शब्द म्हणून. डार्विनने एवढा हात आखडता का घेतला, याचे उत्तर या क्रियापदाच्या पूर्वायुष्यात दडले आहे.

लॅटिन ‘एवोल्वेरे’ म्हणजे उलगडणे. रोमन काळात पुस्तके पपायरसच्या गुंडाळ्यांवर लिहीत. ती उलगडल्याशिवाय वाचता येत नसत, म्हणून ‘वाचणे’ या अर्थानेही हेच क्रियापद चाले. अर्थात, जे उलगडायचे ते आत आधीच लिहिलेले असे.

जीवशास्त्राने शब्द उचलला तोही याच गृहीतकासकट. निकोलास हार्टसूकर या डच शास्त्रज्ञाने १६९४ मध्ये शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या चिमुकल्या माणसाचे चित्र छापले. संपूर्ण जीव बीजात तयारच असतो आणि गर्भात तो फक्त मोठा होतो, असे मानणारा मोठा पंथ तेव्हा होता. स्वित्झर्लंडच्या आल्ब्रेख्त फोन हालरने १७४४ मध्ये या कल्पनेलाच ‘इव्होल्यूशन’ म्हटले.

डार्विनचे म्हणणे नेमके याच्या उलट होते. सजीवांमध्ये लहानसहान फरक पडतात, त्यांतले परिस्थितीला मानवणारे टिकतात आणि त्यातून पिढ्यानपिढ्या नवे काही घडते. त्याची संहिता आधी लिहिलेली नसते. म्हणून तो ‘फेरफारांसह वंशपरंपरा’ अशा अर्थाची शब्दयोजना करी. ‘इव्होल्यूशन’ लोकप्रिय केला इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरने, आणि त्याला प्रगतीचा रंगही त्यानेच चढवला. शब्द सर्वांच्या तोंडी बसल्यावर, १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत, डार्विनच्या ग्रंथातही तो आला.

जुने अर्थ मात्र पुसले गेले नाहीत. जस्तावर आम्ल ओतले की हायड्रोजन ‘इव्हॉल्व्ह’ होतो, म्हणजे बाहेर पडतो. खगोलशास्त्रात तारा ‘इव्हॉल्व्ह’ होतो. त्याचे भवितव्य बहुतांशी जन्मवेळच्या वस्तुमानावर ठरते, त्यामुळे तिथे ‘उलगडणे’ चपखल बसते.

सजीवांच्या बाबतीत मात्र या क्रियापदाचा कर्ता कोण, हे पाहावे लागते. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञ दांपत्याने १९५२ मध्ये याचा सुंदर पुरावा दिला. ठोकळ्यावर ताणून बसवलेले मखमली कापड त्यांनी जिवाणू वाढलेल्या बशीवर दाबले आणि रबरी शिक्क्यासारखे स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक असलेल्या बशांवर उमटवले. प्रत्येक बशीत त्याच त्याच जागी जिवाणू तगले. मूळ बशीतल्या त्या जागांचा माग काढत गेल्यावर औषधाचा कधी स्पर्शही न झालेले, तरीही त्याला दाद न देणारे जिवाणू मिळाले.

म्हणजे ‘इव्हॉल्व्ह’ होतो तो समूह. एकटा जिवाणू औषधाला ‘सरावत’ नाही. औषधाने बाकीचे मरतात आणि आधीपासून चिवट असलेल्यांना रान मोकळे मिळते. साध्या सर्दीवर मनानेच प्रतिजैविक घेणारा माणूस सर्दीच्या विषाणूचे काहीच बिघडवत नाही; शरीरातल्या जिवाणूंमधली ही निवड मात्र घडवून आणतो.