पिशवी आमची, नमुना कोणाचा?

सोलापूर म्हटले की लोकांना चादर आठवते, टेरी टॉवेल आठवतो, फार तर शेंगाची चटणी आठवते. चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यावर लेख झाले, सत्कार झाले. आम्हाला आज लिहायचे आहे ते पिशवीबद्दल. वायरची, लोकरीची, सुतळीची, हाताने विणलेली पिशवी. दुपारची भांडी उरकून दारात पाय पसरून बसलेल्या आमच्या आयाबहिणी जी पिशवी गाठीला गाठ जोडून विणतात, ती. काही कार्यकर्ते म्हणतील, आरक्षण, अॅट्रॉसिटी, खासगीकरण असे डोंगराएवढे प्रश्न समोर असताना हे पिशवीचे काय काढले? त्यांना आमची विनंती आहे की त्यांनी शेवटपर्यंत वाचावे. ज्या घरात गिरणीची नोकरी गेली आणि दुसरी आली नाही, त्या घरात चूल कशावर पेटते हे ज्याला ठाऊक आहे, तो या विषयाला किरकोळ म्हणणार नाही.

प्रथम ही पिशवी होते कशी ते पाहू. प्लॅस्टिकच्या वायरीचे बंडल आणायचे, तिचे मापाचे तुकडे करायचे, ते मधोमध दुमडून एकात एक अडकवायचे आणि तळापासून सुरुवात करायची. एकेक गाठ आवळत तळ भरला की चारी बाजूंनी भिंत चढत जाते. शेवटी मुठी. सगळा खेळ मोजण्याचा. निळ्या दोन गाठी, पांढऱ्या दोन, पुढच्या ओळीत एक घर सरकून पुन्हा तेच, म्हणजे तिरपी नक्षी उतरते. एक गाठ चुकली तर चार ओळी उसवाव्या लागतात. लोकरीच्या पिशवीचे तसेच. तिथे सुयांवर सुलट-उलट टाके, आणि क्रोशाच्या एका सुईवर साखळी, मुका खांब, खांब. ज्या बाईला शाळेने गणितात नापास केले, ती बाई शंभर घरांचा हिशेब तोंडाने पुटपुटत अचूक ठेवते. याला आपल्याकडे ‘बायकांचा उद्योग’ म्हणतात. कारखान्यात हेच काम कागदावर चौकटी आखून, पुठ्ठ्यावर भोके पाडून जेकॉर्डच्या मागावर चढते, तेव्हा त्याला ‘डिझाइन’ म्हणतात आणि करणाऱ्याला पगार देतात.

आता नमुन्याकडे येऊ. नमुना वाचून विणणे ही अक्षरओळखीची गोष्ट आहे. मराठी महिला मासिकांनी वर्षानुवर्षे विणकामाचे नमुने छापले. इतके टाके घाला, पहिली सुई सुलट, दुसरी उलट, असे सगळे सविस्तर. ती मासिके कोणाच्या घरी येत होती? आमच्या आजीच्या घरी तर येत नव्हती. तिने नमुना वाचला नाही. जिच्या घरी ती धुणीभांडी करायला जात होती, तिच्या खुंटीवरची पिशवी डोळ्यांनी पाहिली, मनात मोजली आणि घरी येऊन विणली. ज्यांना वाचू दिले नाही, त्यांनी पाहून शिकण्याची कला कमावली. ही कला मोठी, यात वाद नाही. पण तिचे कौतुक करताना तिच्यामागची बंदी विसरू नये.

आणि गाठ मारण्याची विद्या आमच्या समाजाला कोणी बाहेरून आणून दिलेली नाही. मातंग समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घायपाताचा वाख काढला, तो वळला आणि त्यातून सारे गाव बांधले. बैलाचा कासरा, गुरांचे दावे, वासराचे मुसके, राखणीची गोफण, दुधदुभत्याचे शिंके. शिंके म्हणजे दुसरे काय? टांगायची विणलेली पिशवीच. विहिरीवरच्या मोटेला जो नाडा लागे तोही याच हातांनी वळलेला. विचार करा वाचकहो, ज्याने वळलेला दोर दिवसभर विहिरीच्या पाण्यात भिजत होता, तो स्वतः त्या विहिरीवर पाणी शेंदू शकत नव्हता. दोर चालला, हात चालला नाही. मोबदला काय, तर खळ्यावरचे चार पसे धान्य, तेही मागून. याच समाजातली एक मुलगी, मुक्ता साळवे, जोतिरावांच्या शाळेत शिकली आणि १८५५ साली तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. बिनअक्षराच्या हाताला अक्षर मिळाले तर काय होते, याचा तो पहिला पुरावा.

दोराकडून सुताकडे येताना काही बदलले का? मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण चळवळीतील प्रत्येकाला माहीत असावे. आमच्या माणसांना रिंगखात्यात घेत, जिथे मजुरी कमी. साचेखात्यात, म्हणजे प्रत्यक्ष कापड विणण्याच्या खात्यात, जिथे चार पैसे जास्त मिळत, तिथे मज्जाव. कारण काय दिले जाई? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एका धोट्याला अनेकांचे तोंड लागणार, त्यात अस्पृश्याचे तोंड लागले तर बाटणार. लँकेशायरच्या गोऱ्या कामगारांनीही तोंडाने धागा ओढण्याला विरोध केला होता, पण तो रोगाच्या भीतीने. आमच्याकडे रोगाची भीती नव्हती, माणसाची होती. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. कामगारांच्या मागण्यांत अस्पृश्य कामगारांना साचेखाते खुले करण्याची मागणी घालणार की नाही? वर्गाची भाषा बोलणाऱ्यांना ती मागणी यादीत घ्यायला जड गेले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले, त्यामागे हा धोट्याचा अनुभव उभा होता.

म्हणून हल्ली जेव्हा वस्तीत कोणी संस्था येते आणि ‘तुमच्या महिलांना विणकामाचे प्रशिक्षण देतो’ म्हणते, तेव्हा आम्हाला आनंद होतो आणि कान टवकारलेही जातात. ज्यांना विणायला बसू दिले नाही, त्यांना आता विणायला शिकवायला निघालेत! शिकवा, जरूर शिकवा. पण या वर्गांचा एक ठरलेला साचा आहे. नमुना शहरातून येतो, दोरा संस्था देते, विणतात आमच्या बहिणी, आणि तयार माल पुन्हा शहरात जातो. तिथे त्याला छानसा कागदी बिल्ला लागतो, त्यावर ‘ग्रामीण महिलांनी प्रेमाने विणलेले’ असे काहीतरी छापलेले असते. आमच्या शिंक्याच्या गाठींना तिथे मॅक्रमे म्हणतात आणि दिवाणखान्यात टांगतात. मातंगाने वळलेले शिंके पसाभर धान्याचे, आणि तीच गाठ मॉलमध्ये मॅक्रमे झाली की हजारांत. गाठ तीच आहे, नाव बदलले आणि विकणाऱ्याची जात बदलली.

आमचा आक्षेप प्रशिक्षणावर नाही, नमुन्याच्या मालकीवर आहे. ज्या बाईने चार नमुने विणून पाचवा आपल्या डोक्याने बसवला, त्या पाचव्या नमुन्यावर तिचे नाव का असू नये? वस्तीतल्या दहावी-बारावी झालेल्या मुलीने आईचे नमुने चौकटीच्या वहीत उतरवून ठेवले, निळे घर, पांढरे घर, ओळींचे आकडे, तर ती वही त्या घराची मालमत्ता आहे. आज ते नमुने तोंडी आहेत, म्हणून कोणीही उचलतो. सोलापूरच्या हातमागावर वॉलहँगिंग विणणारे कारागीर आधी चित्र कागदावर उतरवतात आणि मग सूत लावतात. तीच शिस्त पिशवीला लावायला अडचण कसली?

इथे एक धोका सांगितलाच पाहिजे. कला, परंपरा, वारसा असले गोड शब्द वापरून आमच्या मुलींना पुन्हा आईच्याच कामाला जुंपण्याचा डाव असू शकतो. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी याच सोलापुरात काय उघडले? विद्यार्थ्यांचे वसतिगृह. दोर वळण्याची कार्यशाळा उघडली नाही. २० जुलै १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेतही त्यांनी भगिनींना मुलांना शिकवा असेच सांगितले. तेव्हा पिशवी विणण्यासाठी एखादी मुलगी शाळेतून काढली जात असेल, तर त्या पिशवीला आमचा पाठिंबा नाही. शाळा, कॉलेज, स्पर्धा परीक्षा आधी. पिशवी ही आज घरात बसलेल्या, वय झालेल्या, बाहेर काम न मिळणाऱ्या बाईच्या हातचे चार पैसे आहेत, आणि ते चार पैसे पुरेपूर मिळाले पाहिजेत, एवढेच आमचे म्हणणे.

आता पुरेपूर म्हणजे किती? सोलापुरात याचे उत्तर शेजारच्या गल्लीतच आहे. इथे हजारो महिला घरी बसून विड्या वळतात, त्यांत तेलुगू भाषक पद्मशाली भगिनी मोठ्या संख्येने आहेत. पत्र्याचा तुकडा तेंदूच्या पानावर ठेवून पान कापायचे, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. तीही घरात बसते, पिशवीवालीही घरात बसते. परंतु विडीवाली कायद्याने कामगार ठरली. १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा कायदा झाला. मालक कोर्टात गेले. आपल्या घरात बसून, आपल्या वेळेने काम करणारी बाई आमची कामगार कशी, असा त्यांचा सवाल होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली कायदा उचलून धरला, आणि पुढे १९८५ साली भविष्य निर्वाह निधीही घरखेप विडी कामगाराला लागू असल्याचा निर्वाळा दिला. हे आपोआप झाले नाही. लाल बावट्याच्या संघटनांनी सोलापुरात त्यासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, कुंभारीला विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथेच रे नगरची पंधरा हजार घरे कामगारांना मिळाली. त्यांच्याशी आमचे मतभेद असतील, आहेतच, पण संघटनेने काय मिळते हे पाहायला लांब जायची गरज नाही.

पिशवीवालीला काय मिळाले? काही नाही. तिला मालक नाही, कारण मधला माणूस म्हणतो मी फक्त माल उचलतो. तिला ओळखपत्र नाही, कारण ती हातमाग विणकर नाही, विडी कामगार नाही, यंत्रमाग कामगार नाही. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला, त्याला भारताने मान्यता दिलेली नाही. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरखेप कामगाराची व्याख्या आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून या श्रमसंहिता लागूही झाल्या. पण व्याख्येने पोट भरत नाही. नगावर काम करणाऱ्यालाही किमान वेतनाची हमी असते, हे तत्त्व नवीन नाही. किमान वेतनाचे विधेयक १९४६ साली मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनीच मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले होते, त्याचा कायदा १९४८ मध्ये झाला. त्या तत्त्वाने साधा हिशेब करून बघा. समजा एका पिशवीला दहा तास लागले. दहा तासांचे किमान वेतन काढा, त्यात वायरीची किंमत घाला. जो आकडा येईल तो आणि मधला माणूस हातावर ठेवतो तो आकडा शेजारी शेजारी लिहा. हा हिशेब प्रत्येक बचत गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असावा.

२०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकबंदी केली, तेव्हा बचत गटांना कापडी पिशव्यांचे काम मिळणार, अशी मोठी हवा झाली होती. बंदीचे पुढे काय झाले ते भाजी मंडईत जाऊन पाहावे. सरकारच्या भरवशावर राहण्याचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे. पण आपले स्वतःचे काय? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक पुस्तके विकत घेतात. जगात दुसऱ्या कुठल्या समाजाच्या जत्रेत एवढी पुस्तके खपत असतील, असे आम्हाला वाटत नाही. ती पुस्तके घरी कशातून जातात? प्लॅस्टिकच्या थैलीतून, किंवा कुठल्यातरी व्यापाऱ्याने बाबासाहेबांचे चित्र छापून विकलेल्या झोळीतून. एकेकाळी कार्यकर्त्याच्या खांद्यावरची शबनम ही त्याची ओळख होती. आज संमेलनात, धम्म परिषदेत प्रतिनिधींना जी पिशवी वाटतात, ती घाऊक बाजारातून येते. कमिटीचा कोषाध्यक्ष म्हणतो, स्वस्त पडते. स्वस्त पडते, बरोबर आहे. डीजे मात्र कधी महाग पडलेला ऐकला नाही.

सोलापुरात जयंतीच्या मिरवणुकीसाठी मंडळे किती खर्च करतात, हे मंडळांनाच विचारा. त्यातला छोटा हिस्सा बाजूला काढून वस्तीतल्या महिलांकडून निळ्या-पांढऱ्या विणीच्या पिशव्या करून घ्या, त्यात एकेक पुस्तक घालून विका. पिशवीवर विणणारीचे नाव असू द्या. दर आधी ठरवा, तासांवर ठरवा, आगाऊ रक्कम वायरीसाठी द्या म्हणजे तिला सावकाराकडे जावे लागणार नाही. विहारात महिला मंडळाची बैठक असते, तिथेच नमुन्यांची वही ठेवा. आणि हे सारे एप्रिल उजाडल्यावर सुचून उपयोग नाही. एकेक गाठ आवळून होणारे काम आहे, आठवड्यात शंभर पिशव्या होत नाहीत. १४ एप्रिलला हव्या असतील, तर मागणी जानेवारीत नोंदवावी लागेल.