हिरवा त्रिकोण म्हणजे बिनविषारी नव्हे

सोयाबीनवर चक्री भुंगा, उंटअळी दिसायला लागली की धाराशिव, कळंब, वाशीच्या कृषी सेवा केंद्रांत तीच मागणी ऐकू येते : "लाल त्रिकोणाचं द्या, जालीम पाहिजे." शेतात गेलं की दुसरं वाक्य : "हे हिरव्याचं आहे, हातानं कालवलं तरी काय होत नाही." किती वेळा सांगायचं? डब्यावरचा रंग किडीसाठी नाही, माणसासाठी आहे.

कीटकनाशके नियम, 1971 प्रमाणे लेबलवर तिरका चौकोन छापावा लागतो. खालच्या अर्ध्यात रंग, वर इशारा. चाचणीतले निम्मे प्राणी मरायला तोंडावाटे वजनाच्या दर किलोला किती मिलिग्रॅम विष लागलं, हा रंगाचा मुख्य आधार. 50 पर्यंत लाल, कवटी आणि 'पॉयझन'. 500 पर्यंत पिवळा. 'पॉयझन' कायम, कवटी मात्र नाही. 5000 पर्यंत निळा, 'डेंजर'. त्यापुढे हिरवा, आणि त्यावरही 'कॉशन' म्हणजे सावधान लिहिलेलं असतं.

यात अळी आली कुठे? क्लोरअँट्रानिलीप्रोल हिरव्या गटातलं, तरी अळ्यांवर अतिशय प्रभावी, कारण ते किडीच्या स्नायूंवर घाव घालतं. लाल डबा घेऊन धोका वाढतो तो फवारणाऱ्याचा.

शिवाय हा रंग एकाच वेळी पोटात गेलेल्या मात्रेवरून ठरतो. हंगामभर अंगावर पडणाऱ्या तुषारांचा हिशेब त्यात नाही. पॅराक्वाट पिवळ्या गटातलं, पण त्यावर उतारा नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन 20 हून अधिक माणसं गेली. ते विष कोणी प्यायलं नव्हतं. फवारताना ते कातडीतून आणि श्वासातून आत जातं. तोंडाला बांधलेला रुमाल भिजला की तेच विष नाकाशी धरून ठेवतो.

बाकीचे समज. उग्र वास म्हणजे जहाल विष? वास बऱ्याचदा द्रावकाचा असतो. दूध पाजलं की विष उतरतं? नाही. वनस्पतीचा अर्क निर्धोक? तंबाखूतलं निकोटीन जहाल विष आहे. धुतलेला डबा पाण्याला चालतो? अजिबात नाही.

फवारताना लाळ सुटली, दरदरून घाम फुटला, नजर अंधुक झाली तर पंप तिथंच ठेवा, कपडे काढा, साबणानं अंग धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. डब्यावरचं लेबल सोबत न्या. ॲट्रोपिनचा उतारा प्रत्येक विषावर चालत नाही. कोणता घटक अंगात गेलाय हे डॉक्टरांना कळलंच पाहिजे.