बारा मात्रांची शिदोरी

एक प्रश्न विचारते. खरं उत्तर द्यायचं हं! दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही सकाळी किती वाजता उठता? नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाचा एक दिवस सोडून द्या. त्या दिवशी आई उठवतेच. बाकीच्या दिवसांचं सांगा.

आमच्या अंबडला, म्हणजे जालना जिल्ह्यातल्या अंबडला, आमच्या गल्लीत सुट्टीतही पहाटे पाचला जाग येते. घड्याळाच्या गजरानं नाही, पखवाजाच्या आवाजानं. विठ्ठलाच्या मंदिरात काकडा चालू झालेला असतो. बाहेर गारठा, पायाखाली ओली फरशी, आणि आत दहा-पंधरा माणसं टाळ घेऊन उभी. त्यांत कोणी शेतकरी, कोणी किराणा दुकानदार, कोणी एसटीतून निवृत्त झालेले. पोटासाठी गाणारा एकही नाही. पण रोज येतात, आणि मन लावून वाजवतात.

मागच्या वर्षी मात्र एका पहाटे पखवाज वाजलाच नाही.

एक सकाळ मुकी

काकडा म्हणजे कापडाची जाड वात. ती पेटवून देवाला पहाटे ओवाळायचं, ती काकड आरती. कोजागरी पौर्णिमेला काकडा सुरू होतो आणि कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत चालतो. दिवाळीची अमावास्या बरोबर मध्ये येते. म्हणजे तुमची सुट्टी आणि हा महिना एकत्रच असतात.

आमच्याकडे पखवाज वाजवतात ते आजोबा. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणते. वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्या दिवशी आबांना ताप होता. टाळ होते, पेटी होती, माणसंही होती. पण भजन लंगडायला लागलं. कोणी पुढं धावायचं, कोणी मागं राहायचं. शेवटी सगळे हसले आणि टाळ्या वाजवत कसंबसं उरकलं.

घरी येताना माझ्या मनात आलं, आजचा दिवस निभावला. पण आबांनंतर कोण?

मी आबांना भेटायला गेले. तेव्हा तेही हेच बोलले. "बाई, कातडं फाटलं तर नवं चढवता येतं. हात कुठून आणायचा?"

कणीक खाणारं वाद्य

पखवाज तुम्ही पाहिलाच असेल. वारकरी त्याला मृदंग म्हणतात. लाकडाचं पोकळ खोड, दोन्ही तोंडांवर कातडं, आणि ते ताणून धरणाऱ्या कातडी वाद्या. उजव्या तोंडावर काळी शाई असते, ती लोखंडाचा कीस आणि भाताची खळ यांच्या लेपाची. ती कायम तिथेच राहते. डाव्या तोंडाची गंमत वेगळी. त्यावर वाजवायच्या आधी गव्हाची भिजवलेली कणीक थापतात! कणीक जास्त झाली की आवाज खाली उतरतो, कमी झाली की चढतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची. मुलं म्हणतात, "आबांचा पखवाज रोज पोळी खातो."

वाद्यांखाली लाकडाचे गठ्ठे असतात. थंडीत, दवात कातडं सैल पडतं आणि स्वर उतरतो. मग हातोडीनं गठ्ठे ठोकून स्वर चढवायचा. म्हणून आबा इतरांच्या आधी अर्धा तास मंदिरात येतात.

हे वाद्य फक्त भजनाचं नाही बरं का. ध्रुपद हा आपल्या शास्त्रीय संगीतातला फार जुना गायनप्रकार. ग्वाल्हेरचा राजा मानसिंह तोमर यानं पंधराव्या-सोळाव्या शतकात त्याला आश्रय दिला. अकबराच्या दरबारातला तानसेन ध्रुपदच गायचा. या ध्रुपदाला साथ पखवाजाची. म्हणजे जो पखवाज बादशहाच्या दरबारात वाजला, तोच आमच्या गल्लीत पहाटे किराणा दुकानदाराच्या टाळाबरोबर वाजतो!

एकोणिसाव्या शतकात वाई भागातले नाना पानसे हे पखवाजातले फार मोठे उस्ताद होऊन गेले. कीर्तनाच्या वातावरणात वाढलेले नाना पुढं इंदूरला होळकरांच्या दरबारात मानाला पोचले. त्यांच्या परंपरेला पानसे घराणं म्हणतात. त्याच परंपरेतल्या गोविंदराव बुऱ्हाणपूरकरांना १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि होळकर म्हटलं की आम्हा अंबडकरांचे कान टवकारतात, कारण आमचं खंडोबाचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं.

स्टेशनावर राहिलेली पिशवी

आता थोडा वेळ तुम्हांला इंग्लंडला घेऊन जाते. कारण जुनं संगीत हरवलं तर काय होतं, ते तिथे पाहायला मिळतं.

आपले पैठणचे संत एकनाथ महाराज १५३३ ते १५९९ या काळातले. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये विल्यम बर्ड नावाचे मोठे संगीतकार होते. एकनाथांच्या गौळणी आमच्या काकड्यात आजही म्हणतात. म्हणणाऱ्यानं त्या आजोबांकडून ऐकल्या, आजोबांनी त्यांच्या आजोबांकडून. बर्डच्या काळातली वाद्यं मात्र पुढं मागं पडली. त्यांतलं एक रेकॉर्डर. आपल्या अलगुजासारखी उभी धरून टोकाला फुंकायची लाकडी बासरी. अठराव्या शतकाच्या अखेरीस लोक ती विसरले. शंभराहून जास्त वर्षं ती जवळजवळ गप्पच होती.

आर्नल्ड डॉल्मेच नावाच्या गृहस्थांना अशी जुनी वाद्यं जमवायचा आणि वाजवायचा नाद होता. त्यांच्याजवळ एक जुनी, अठराव्या शतकातली रेकॉर्डर होती. १९१९ साली लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर त्यांच्या लहान मुलाकडून, कार्लकडून, ती पिशवी फलाटावरच राहून गेली! झालं, वाद्य गेलं. आता काय? डॉल्मेच यांच्याकडे त्या वाद्याची मापं होती. त्यांनी खटपट करून नवीन रेकॉर्डर स्वतः बनवली. १९२५ साली त्यांनी हेझलमेअर या छोट्या गावात जुन्या संगीताचा महोत्सव सुरू केला. त्यात त्यांच्या घरचीच मंडळी वाजवायची. कार्ल मोठा होऊन रेकॉर्डरचा नामांकित वादक झाला. पुढं रेकॉर्डर शाळाशाळांत पोचली. सुट्टीत, नाताळात हौशी मंडळी एकमेकांच्या घरी जमून ही जुनी गाणी वाजवू लागली.

पाहा हं, तिकडं संगीत कागदावर लिहिलेलं होतं. म्हणून वाजवणारे संपले तरी कागद उरला, आणि कागदावरून ते परत उठवता आलं. आमच्या आबांना त्यांच्या गुरूंनी जे शिकवलं, ते कोणत्याच वहीत नाही. ते आबांच्या तोंडात आहे आणि बोटांत आहे. आपली पिशवी फलाटावर राहिली, तर मापं कोणाकडे मिळणार?

गाव गाण्याचं, पण पोरं कुठं?

आमचं अंबड मत्स्योदरी देवीचं गाव. देवीची टेकडी माशाच्या आकाराची, म्हणून मत्स्योदरी. गाण्याच्या जगात अंबडचं नाव झालं ते दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवामुळे. गोविंदराव जळगावकरांचं नाव या महोत्सवाशी कायमचं जोडलं गेलं आहे. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला, बहुधा डिसेंबरात येते. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. तोही थंडीतलाच. थंडी आणि गाणं यांचं जुनं मैत्र आहे!

पण मोठ्या महोत्सवात आपण समोर बसून ऐकतो. काकड्यात आपण वाजवतो. दोन्ही हवंच. घरी कधी ठेका धरलेला माणूस मोठ्या वादकाचं वाजवणं वेगळ्या कानानं ऐकतो. स्वतः क्रिकेट खेळणाऱ्याला सामना जास्त कळतो ना, तसंच.

म्हणून आबांचा ताप उतरल्यावर मी म्हटलं, "आबा, सुट्टी चालू आहे. आमची पोरं पाठवू का?"

"पाठवा. पण पखवाजाला हात लावू देणार नाही," आबा म्हणाले.

आधी तोंड, मग हात

पहिल्या दिवशी सात मुलं आली. आबांनी खरंच पखवाजाला हात लावू दिला नाही. त्यांनी चौतालाचे बोल म्हणायला लावले:

धा धा, दिं ता, किट धा, दिं ता, तिट कत, गदि गन.

मोजून बारा मात्रा. ध्रुपदाचा हा आवडता ताल. भजनाचा ठेका आठ मात्रांचा असतो, तो नंतर. "जे तोंडात बसलं नाही ते हातात येत नाही," असं आबांचं म्हणणं. बारा मोजायला त्यांनी पाटी दिली नाही की पेन्सिल दिली नाही. हाताची चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं. अंगठा एकेका पेरावरून फिरवायचा. चार त्रिक बारा!

तिसऱ्या दिवशी चारच मुलं उरली. खोटं कशाला सांगू? बाहेर फटाके होते, किल्ले होते, मोबाइलवरचे खेळ होते. आबा रागावले नाहीत. म्हणाले, "आम्हीसुद्धा पळून जायचो."

राहिलेल्या चौघांत एक मुलगी होती, सहावीतली. एक-दोघांनी नाकं मुरडली, "मुलीनं कुठं पखवाज वाजवतात?" मी त्यांना सांगितलं, इंदूरच्या आगळे घराण्यातल्या चित्रांगना आगळे-रेशवाल पखवाज वाजवतात, आणि त्याही नाना पानसे यांच्याच परंपरेत. आबांनी मात्र एवढं काही सांगितलं नाही. त्यांनी कणकेचा गोळा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "थाप, लेकरा." विषय संपला.

दुसरा होता चौथीतला एक मुलगा. सगळ्यांत पक्का तोच. पाच दिवसांत बोल पाठ, टाळ्या बरोबर. पण भाऊबीज झाली आणि सहाव्या दिवशी तो आला नाही. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. गाडी आली, बिऱ्हाड निघालं, तोही गेला. तुमची-माझी सुट्टी संपून शाळा भरते, तेव्हा अशी कितीतरी लेकरं फडावर असतात. आबा त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "पखवाज द्यायला माझ्याकडे दुसरा नव्हता. बोल तेवढे बरोबर गेले."

गुढीपाडव्याच्या सुमाराला तो परत आला. अंगानं वाळलेला, उन्हानं काळवंडलेला. मी आधी त्याला पुस्तकं दिली, मग आबांकडे घेऊन गेले. आबांनी विचारलं, "काय आठवतं का?" त्यानं डावा हात पुढं केला, अंगठा पेरावर ठेवला आणि म्हणायला लागला. बारा मात्रा पुऱ्या! वर म्हणाला, "आबा, तिथं कोपीत आणखी दोघांना शिकवलं." त्यानं म्हणून दाखवलं, तेव्हा आमच्या लक्षात आलं की 'तिट कत'चं मध्येच 'कत तिट' होत होतं. म्हणजे कुठल्यातरी फडावर दोन मुलं चौताल उलटा म्हणत होती!

आबा खूप दिवसांनी मोठ्यानं हसले. म्हणाले, "चालतंय. चुकलेलं दुरुस्त करता येतं. न शिकलेल्याचं काय करणार?"

करून पाहा

१. चौतालाचे बोल बोटांच्या पेरांवर मोजत म्हणा. पहिल्या मात्रेला सम म्हणतात. टाळी १, ५, ९ आणि ११ या मात्रांवर द्या. ३ आणि ७ या मात्रांवर हात नुसता बाजूला न्या, ती खाली. टाळ्या चार, म्हणून नाव चौताल.

२. आता मित्रांबरोबर. एका गटानं १ ते ८ मोजायचं, दुसऱ्यानं १ ते १२. वेग दोघांचा एकच हवा. दोन्ही गटांनी फक्त आपापल्या 'एक'वर टाळी द्यायची. सुरुवातीला टाळी एकत्र पडेल, मग वेगळी होईल. परत एकत्र कधी येईल? चोवीस मात्रा झाल्यावर! आठाचे तीन फेरे, बाराचे दोन. गणिताच्या तासाला ८ आणि १२ चा लसावि काढता ना? तोच हा.

३. आईबाबांना घेऊन आपल्या गावातला किंवा गल्लीतला पखवाजवाला शोधा. मंदिरात सापडेल, भजनी मंडळात सापडेल. त्यांना विचारा, "तुम्हांला कोणी शिकवलं? आणि तुम्ही कोणाला शिकवलं?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "कोणालाच नाही" असं आलं, तर काय करायचं ते तुम्हांला आता माहीत आहे. सुट्टी आहे, दोन हात आहेत, बारा पेरं आहेत. आणि हो, घरून थोडी कणीक न्यायला विसरू नका!